पोतोसी: चांदीच्या डोंगराखालचे शहर

हज किंवा उमरा करून आलेल्या घरात रियालची एखादी नोट किंवा नाणे हमखास सापडते. पासपोर्टच्या पाकिटात, खजुराच्या रिकाम्या डब्यात, नाहीतर कपाटात तस्बीहशेजारी. रियाल हा शब्द आपल्याला अस्सल अरबी वाटतो, पण तो मूळचा स्पॅनिश आहे. ‘रेआल’ म्हणजे राजाचे, शाही. स्पेनच्या राजाच्या चांदीच्या नाण्याचे हे नाव. ते नाणे मोखा, जेद्दा, बसरा या बंदरांत इतके फिरले की नाणे गेले तरी नाव तिथेच राहिले.

या महिन्यात आपण त्या नाण्यांच्या एका मोठ्या जन्मगावी जाणार आहोत. दक्षिण अमेरिकेतल्या बोलिव्हिया देशात पोतोसी नावाचे शहर आहे. एका काळी जगातल्या चांदीचा फार मोठा वाटा या एका गावातून निघत होता. आज तिथे पर्यटक जातात. सुंदर चर्च, जुनी टांकसाळ, अरुंद चढाच्या गल्ल्या पाहतात, आणि पुष्कळ जण पैसे देऊन खाणीतही उतरतात. त्या खाणीत आजही माणसे काम करतात. आपण तिथे काय पाहायला जातो आणि कोणत्या नजरेने पाहतो, हा या वेळचा प्रश्न आहे.

आधी वाट. बोलिव्हियाच्या सुक्रे शहरापर्यंत विमानाने जाता येते. तिथून पोतोसी साधारण १६० किलोमीटर, बसने तीन-साडेतीन तास. रस्ता चढत जातो. आपले कळसूबाई शिखर १,६४६ मीटर उंच. पोतोसी शहरच सुमारे ४,००० मीटरवर वसलेले आहे, म्हणजे लेहपेक्षाही उंच. पहिल्या दिवशी दहा पायऱ्या चढलात तरी धाप लागते, डोके जड होते, रात्री झोप तुटते. त्यामुळे सुक्रेला दोन-तीन दिवस थांबून मग वर जाणे शहाणपणाचे. मे ते ऑक्टोबर कोरडा मोसम असतो. ऊन कडक, सावलीत थंडी आणि रात्री गोठवणारा गारठा.

शहरात पाऊल ठेवताच दक्षिणेकडे तांबूस-तपकिरी रंगाचा, शंकूसारखा एक डोंगर दिसतो. त्याचे नाव सेरो रिको, म्हणजे श्रीमंत डोंगर. इथल्या केचुआ भाषेत त्याला सुमाक ऊर्को म्हणत, म्हणजे सुंदर डोंगर. नावातला हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. ज्यांचा तो होता त्यांना तो सुंदर वाटला. जे बाहेरून आले त्यांना तो श्रीमंत वाटला.

परंपरा अशी सांगते की १५४५ मध्ये दिएगो वाल्पा नावाच्या स्थानिक माणसाला इथे चांदी सापडली. ग्रॅनडा स्पेनच्या राजाराणीच्या हाती पडून तेव्हा त्रेपन्न वर्षे झाली होती. बातमी फुटली आणि उजाड माळावर बघता बघता शहर उभे राहिले. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इथली लोकसंख्या दीड लाखाच्या वर गेल्याचे सांगितले जाते. त्या काळी युरोपातलीही फार थोडी शहरे एवढी मोठी होती. स्पॅनिश भाषेत एखादी वस्तू अतिशय मौल्यवान असेल तर ती ‘एका पोतोसीच्या मोलाची’ आहे, असे म्हणतात.

सुरुवातीची पंचवीस-तीस वर्षे चांदी वितळवण्याची कला स्थानिक लोकांच्याच हातात होती. मातीच्या छोट्या, भोके असलेल्या भट्ट्या ते डोंगराच्या उतारावर वाऱ्याच्या तोंडी मांडत. या भट्टीला ‘वायरा’ म्हणत. वायरा म्हणजे वारा. फुंकणी, भाते काहीच नको, डोंगरावरचा वाराच ते काम करी. रात्री अशा हजारो भट्ट्या पेटत आणि सगळा उतार दिव्यांनी भरल्यासारखा दिसे. मालक स्पॅनिश असले तरी हुन्नर इथल्या लोकांचा होता, त्यामुळे नफ्यात त्यांचाही वाटा राहत होता.

मग उत्तम धातुक संपत आला. १५७० नंतरच्या काही वर्षांत दोन गोष्टी एकदम घडल्या आणि पोतोसी कायमचे बदलले. पहिली गोष्ट पारा. कमी चांदीच्या दगडाची भुकटी करून त्यात पारा मिसळला की चांदी पाऱ्याला धरते. नंतर तापवून पारा उडवला की चांदी उरते. हा पारा पेरूमधल्या वांकावेलिकाच्या खाणीतून येई. भुकटी आणि पारा यांचा चिखल मजूर सुरुवातीला अनवाणी पायांनी तुडवत. पारा विषारी. अंगात भिनला की हातपाय थरथरतात, दात हलतात, बुद्धी मंदावते.

दुसरी गोष्ट ‘मिता’. इंका राजांच्या काळी मिता म्हणजे गावाने आळीपाळीने करायचे सार्वजनिक काम. व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदो याने हे जुने नाव तसेच ठेवले आणि त्यातून वेठबिगारी उभी केली. सोळा प्रांतांनी आपल्या कर्त्या पुरुषांपैकी सुमारे सातवा हिस्सा दरवर्षी पोतोसीला पाठवायचा. असे तेरा हजारांहून जास्त पुरुष दरवर्षी बोलावले जात. कुझकोच्या बाजूची माणसे बायकामुले, लामा आणि सुकवलेले बटाटे घेऊन दोन-दोन महिने चालत येत. एक आठवडा काम आणि दोन आठवडे सुटी, असा कागदावरचा नियम होता. मजुरी मिळे, पण त्यात पोट भरत नसे, म्हणून सुटीतही राबावे लागे. माणसे कमी पडली तर गावच्या मुखियाला भरपाई द्यावी लागे. या धास्तीने कुटुंबेच्या कुटुंबे गाव सोडून पळाली. ही पद्धत सुमारे अडीचशे वर्षे चालली आणि १८२५ मध्ये सिमोन बोलिव्हारच्या हुकमाने कायमची संपली.

किती माणसे मेली? काही पुस्तकांत आणि गाईडच्या तोंडी ‘ऐंशी लाख’ हा आकडा ऐकू येतो. इतिहासाच्या अभ्यासकांना त्याला कागदोपत्री आधार सापडलेला नाही. माझे म्हणणे असे की या शहराच्या दुःखाला फुगवलेल्या आकड्याची गरज नाही. खूप खोल भुयारातून, चामड्याच्या वादीच्या शिडीवरून, पाठीला धातुकाचे ओझे बांधून आणि अंगठ्याला मेणबत्ती बांधून एक माणूस वर येतो आहे. होसे दे आकोस्ता या जेझुइट पाद्र्याने १५९० मध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथात असे वर्णन केले आहे. त्या एका माणसाचा विचार केला तरी पुरेसे आहे.

शहरातली सर्वांत मोठी इमारत म्हणजे ‘कासा दे ला मोनेदा’, राजाची टांकसाळ. पहिली टांकसाळ १५७० च्या दशकात झाली. आज संग्रहालय म्हणून जी पाहतो ती दुसरी, १७५९ ते १७७३ या काळात बांधलेली. जाड भिंती, अनेक चौक आणि दोनशेच्या आसपास दालने. तिथली लाकडी दंतचक्रे मात्र डोळे भरून पाहावीत. स्पेनमध्ये घडवून, जहाजाने आणि मग जनावरांच्या पाठीवर घालून ती इतक्या उंचीवर आणली. वरच्या मजल्यावर चक्रे चांदीची पट्टी दाबून पातळ करीत आणि खालच्या मजल्यावर अंधारात खेचरे गोल गोल फिरत. टांकसाळीत आफ्रिकेतून गुलाम करून आणलेली माणसेही राबत.

इथे गाईड एक शब्द वापरतो आणि आपले कान टवकारतात. स्पॅनिशमध्ये टांकसाळीला ‘सेका’ असाही शब्द आहे. तो आला अरबी ‘सिक्का’वरून, म्हणजे नाण्यावर उठवायचा ठसा. मराठीतला शिक्का आणि हिंदी-उर्दूतला सिक्का त्याचेच भाऊबंद. पाऱ्याला स्पॅनिशमध्ये ‘असोगे’ म्हणतात. तोही अरबीतून गेलेला. स्पेनमधल्या पाऱ्याच्या प्रसिद्ध खाणीच्या गावाचे नाव अल्मादेन, म्हणजे अरबीत ‘अल-मअदिन’, खाण. स्पेनमधून मुसलमानांची राजवट गेली, पण धातूची विद्या आणि तिचे शब्द राहिले. ते समुद्र ओलांडून अँडीज पर्वतात पोहोचले आणि तिथे वेठबिगारीच्या कामाला जुंपले गेले. आपल्या पूर्वजांच्या विद्येचा अभिमान जरूर वाटावा, पण ती विद्या पुढे कोणाच्या हातात गेली आणि तिचे काय झाले, हेही त्याच टांकसाळीत दिसते.

टांकसाळीत लबाडीही झाली. नाण्यात तांबे जास्त घालून चांदी खाण्याचा मोठा घोटाळा १६४९ च्या सुमारास उघड झाला आणि त्यातल्या एका बड्या सावकाराला देहदंड मिळाला. पोतोसीच्या नाण्यावरचा भरवसा युरोपभर उडाला. वजनमापातली खोट हजारो मैलांवरच्या बाजारातही पकडली जाते.

आता या चांदीचा आपल्याकडचा प्रवास. युरोपीय व्यापाऱ्यांना हिंदुस्थानचे कापड, नीळ, मिरी हवी होती, पण बदल्यात देण्यासारखा त्यांचा माल इथे फारसा कोणाला नको होता. म्हणून जहाजे चांदी घेऊन येत. दुसरीकडे सुरतेहून जेद्दा आणि मोखाकडे जहाजे जात. सुरतेला ‘बाब-अल-मक्का’, मक्केचा दरवाजा म्हणत. जाताना त्यांत हाजी असत आणि कापडाचे गठ्ठे असत. येताना हाजी असत आणि रियालच्या थैल्या. मोगल राज्यात परदेशी नाणे सहसा तसेच चालत नसे. ते टांकसाळीत द्यायचे, वितळवून बादशहाच्या नावाचा रुपया घ्यायचा. साडेअकरा ग्रॅमच्या आसपासचा, जवळजवळ शुद्ध चांदीचा तो रुपया. हिंदुस्थानात चांदीच्या खाणी फार थोड्या होत्या. त्या रुपयांत मेक्सिकोची चांदी होती, जपानची होती आणि पोतोसीचीही होती. वितळवल्यावर कोणती कुठली, हे ओळखता येत नाही. घामाचेही तसेच असते, नाण्यात तो दिसत नाही. त्या रुपयात मेहर ठरले असेल, जकात निघाली असेल, मशिदीचा दगड आला असेल. देणाऱ्याची नियत साफ होती आणि डोंगर पंधरा हजार किलोमीटरहून जास्त दूर होता.

टांकसाळीतून बाहेर पडून सान लोरेन्सो चर्चचा दरवाजा पाहावा. अठराव्या शतकातले हे दगडी कोरीवकाम. सूर्य, चंद्र, तारे, वाद्य वाजवणाऱ्या जलपऱ्या. आराखडा युरोपीय, हात स्थानिक कारागिरांचे. मग शहराच्या वरच्या अंगाला असलेले जुने तलाव. धातुक कुटणारे घण पाण्यावर चालत, म्हणून डोंगरात बांध घालून पाणी साठवले होते. १६२६ मध्ये त्यांतला एक बांध फुटला आणि हजारो माणसे वाहून गेली. पर्यटकांच्या यादीत हे तलाव बरेचदा नसतात, पण पोतोसी कसे चालत होते ते इथेच कळते.

युनेस्कोने १९८७ मध्ये पोतोसीला जागतिक वारशाचा दर्जा दिला. २०१४ मध्ये हे शहर ‘धोक्यातील वारसा’ यादीत गेले, कारण डोंगर आतून पोखरून त्याचे शिखर खचू लागले आहे. खोदकाम अजून सुरूच आहे. १९८५ मध्ये कथिलाचे भाव कोसळले, सरकारी खाणी बंद पडत गेल्या आणि हजारो कामगार बेकार झाले. त्यांनी सहकारी संस्था करून जुन्याच भुयारांत काम धरले. आता जस्त, शिसे, कथील आणि थोडी चांदी निघते. बहुतेकांना ठरलेला पगार नाही. निघेल त्या मालावर कमाई. दगडाची बारीक धूळ फुप्फुसात बसून सिलिकोसिस होतो आणि कित्येक जण पन्नाशी पाहत नाहीत. खाणीच्या तोंडाशी झोपडीत राहून अवजारांची राखण करणाऱ्या बायका असतात, त्यांत खाणीत नवरा गमावलेल्या पुष्कळ. टाकाऊ दगडांच्या ढिगातून हातोडीने धातुक वेचणाऱ्या बायकांना ‘पायिरी’ म्हणतात.

आणि याच खाणीची सहल विकली जाते. हेल्मेट, गमबूट, डोक्याला दिवा. आधी खाणकामगारांच्या बाजारात नेतात. तिथे कामगारांसाठी भेट म्हणून कोका पाने, सरबताच्या बाटल्या, दारू आणि चक्क डायनामाइटच्या कांड्या विकत मिळतात. मग भुयारात वाकून, कधी रांगत जायचे. आत एका कोनाड्यात शिंगे असलेला मातीचा पुतळा असतो, ‘एल तिओ’, म्हणजे काका. जमिनीवर चर्चला जाणारा कामगार जमिनीखाली या काकाला कोका, सिगारेट आणि दारू वाहतो. जमिनीखालचा मुलूख त्याचा आहे आणि जीव त्याच्या हातात आहे, अशी समजूत.

कुटुंबाने काय करावे? एक बाजू अशी आहे की गाईडपैकी बरेच जण माजी खाणकामगार असतात. सहलीच्या पैशावर त्यांचे घर चालते आणि ते धुळीपासून सुटतात. लोकांनी आमचे काम पाहावे, असे म्हणणारे कामगारही आहेत. दुसरी बाजू अशी की घामाघूम झालेला माणूस एक टनाची गाडी ढकलत येतो, त्याला वाट द्यायला दहा पर्यटक भिंतीला चिकटतात आणि दहा मोबाइल त्याच्या तोंडावर रोखले जातात. आपल्या वडिलांच्या, भावाच्या कामाच्या जागी असे कोणी आले तर आपल्याला कसे वाटेल?

माझे मत स्पष्ट आहे. मुले, गरोदर स्त्रिया, दमा, रक्तदाब किंवा हृदयविकार असलेले यांनी खाणीत उतरूच नये. हवा विरळ, धूळ खरी आणि स्फोटही खरे. धडधाकट माणसाला जायचेच असेल तर माजी कामगाराबरोबर, छोट्या गटात जावे आणि तिकिटातले किती पैसे कामगारांच्या संस्थेला जातात हे आधी विचारावे. भेट म्हणून सरबत, हातमोजे, धुळीचे चांगले मास्क न्यावेत. दारू नेऊ नये. गाईडने ‘काका’समोर काही वाहायला सांगितले तर नम्रपणे नकार देऊन मागे उभे राहावे. हसू नये, उपदेशही करू नये. मृत्यूच्या छायेत राबणाऱ्या माणसाची ती भीती आहे. विचारल्याशिवाय फोटो काढू नये. आणि गंमत म्हणून डायनामाइट उडवून दाखवणाऱ्या सहलीला पैसे देऊ नयेत. जो डोंगर खचतो आहे, त्याच्यावर आपल्या करमणुकीसाठी आणखी एक धमाका कशाला?

खाणीत न उतरताही पोतोसी पूर्ण पाहता येते. टांकसाळ, तलाव, जुन्या घणांचे अवशेष आणि प्रत्येक गल्लीच्या टोकाला दिसणारा डोंगर. मुलांना एवढेच सांगावे की सुंदर वस्तू दिसली की दोन प्रश्न विचारायचे: ही कोणी घडवली, आणि त्याला काय मिळाले? मुले या प्रश्नांची उत्तरे गाईडकडून बरोबर काढून घेतात. मोठ्यांना संकोच वाटतो, त्यांना वाटत नाही.

राहता राहिले खाणेपिणे. हलाल मांसाची आशा धरू नये. पण बटाटा मूळचा याच पर्वतराजीचा, आणि बाजारात त्याचे रंग पाहून आपल्या भगिनी थक्क होतील. पांढरा, पिवळा, तांबडा, जांभळा. बर्फाळ रात्रीत गोठवून उन्हात सुकवलेला ‘चुन्यो’ वर्षानुवर्षे टिकतो. किनोआ, मका, अंडी, ट्राउट मासा मिळतो. सूप मागवताना ते मांसाच्या पाण्यात शिजवले आहे का, हे विचारून घ्यावे. सकाळच्या थंडीत जांभळ्या मक्याचे गरम ‘आपी’ प्यावे, दालचिनी-लवंगेच्या वासाने घरची आठवण येते. ‘चिचा’ मात्र आंबवलेली असते, ती टाळावी. उंचीच्या त्रासावर कोकाच्या पानांचा चहा सगळीकडे पुढे करतात. बोलिव्हियात ते पान कायदेशीर आहे, पण भारतात कोका पानावर बंदी आहे. आठवण म्हणूनही बॅगेत टाकू नये. त्याऐवजी भरपूर पाणी, हलके जेवण आणि सावकाश चाल बरी. नमाजसाठी एक लक्षात ठेवा: आपण आयुष्यभर पश्चिमेकडे तोंड करतो, इथे किब्ला पूर्वेकडे आहे, थोडा उत्तरेला झुकलेला.

दुकानांत चांदीचे दागिने मिळतात. घासाघीस बेताने करा. ज्या डोंगराने शाही खजिने भरले, त्याच्या पायथ्याशी बोलिव्हिया आज आपली नाणी परदेशात पाडून आणतो. पोतोसी हा त्या देशातल्या गरीब भागांपैकी एक आहे. दोन-चार बोलिव्हियानो जास्त गेले तर आपले काही अडत नाही; समोरच्या बाईची संध्याकाळची चूल मात्र त्यावर पेटत असेल.